पासिंगपुरती तयार केलेली जुनी गाडी: या चुका टाळा

जुनी मोटरसायकल तपासणीला न्यायची म्हटलं की लोक आधी टाकीचा रंग, सीटचं कव्हर आणि मडगार्डचं क्रोम काढून बसतात. ब्रेक आणि वायरिंगची आठवण आदल्या रात्री होते. त्यात पासिंग झालं की गाडी आता कुठेही न्यायला मोकळी, अशी समजूत. तपासणीत दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर, हँडल, गळती आणि नंबर बघतात, तेही गाडी थंड असताना, थोडक्या वेळात. जुन्या गाडीचे निम्मे आजार तासभर चालवून इंजिन तापल्यावर बाहेर येतात, त्यामुळे खरी तपासणी आपली आपणच करायची असते.

रंगावरच अर्थिंग आवळणे

अर्थिंग म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, फ्रेमला बोल्टने आवळलेली जोडणी. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की नव्याने रंगवलेली गाडी दिसली की मी आधी अर्थचा बोल्ट बघतो. ओळखीच्या एका मुलाने सहा व्होल्टची जावा हौसेने उभी केली होती. फ्रेमला जाड पावडर कोटिंग, काम देखणं. पासिंग पहिल्याच फेरीत झालं. पुढे अंधारात चालवताना हँडल डावीकडे वळवलं की हेडलाइट पिवळा पडायचा आणि सरळ केलं की परत उजळायचा. त्याने बल्ब बदलला, मग बॅटरी, मग स्विच. माझ्याकडे आला तेव्हा रेग्युलेटरची (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या भागाची) ऑर्डर द्यायच्या बेतात होता.

हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरं हेडलाइटच्या डब्याला लावलं. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं, दिसला सव्वा व्होल्ट. अर्थची वायर रंगावरच आवळली होती आणि रंगातून करंट जात नाही. करंट परत जात होता तो हँडलच्या कोनसेटमधल्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमधल्या) ग्रीस लावलेल्या छऱ्यांतून आणि क्लच केबलमधून. हँडल वळलं की छऱ्यांचा स्पर्श बदलायचा आणि दिवा मंद व्हायचा.

सहा व्होल्टच्या गाडीत हे जास्त जाचतं. ३५ वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर तीन अँपिअर घेतो, सहावर सहा. म्हणजे त्याच खराब सांध्यात दुप्पट व्होल्टेज वाया जातं आणि ते जातं निम्म्या व्होल्टेजमधून. साध्या बल्बचं व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी कमी होतो.

माझी पद्धत ठरलेली आहे. बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडायचा, दातेरी वॉशर घालायचा, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावायची. शिवाय हेडलाइटच्या डब्यापासून बॅटरीपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढायची. फ्रेमच्या भरवशावर मी दिवे ठेवत नाही. 'एलईडी टाका, प्रश्न मिटेल' हा सल्ला मला पटत नाही. एलईडी करंट कमी ओढतो म्हणून दोष लपतो, सांधा खराबच राहतो आणि पुढे हॉर्न किंवा इग्निशन त्याच सांध्यावर अडतं. आणि बॅटरी जोडण्याआधी गाडीचा अर्थ कोणता ते बघा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक फ्रेमला असतं.

ब्रेकचा आर्म दात सरकवून बसवणे

लायनर (ब्रेक शूवरचं घासणारं अस्तर) झिजले, अ‍ॅडजस्टर संपला, की आर्म (ब्रेकची केबल ओढते तो दांडा) काढून कॅमवर (फिरून शू पसरवणाऱ्या दांड्यावर) एक दात मागे बसवायचा. पाच मिनिटांत ब्रेक 'लागायला' लागतो. हा शॉर्टकट मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो जिवावर बेतू शकतो. ब्रेक दाबलेला असताना आर्म आणि केबल यांच्यात साधारण काटकोन हवा, तरच पूर्ण जोर मिळतो. तो कोन बिघडवून झिजलेले शू रेटत राहिलात तर कॅम इतका फिरतो की आडवा होऊन अडकतो आणि चाक जाम होतं. तेही पुढचं चाक असेल तर सावरायला वेळच मिळत नाही. आर्म पुढे झुकलेला दिसला की ड्रम उघडा आणि लायनर बदला.

नवे लायनर घालून त्याच दिवशी तपासणीला जाणंही चूक. नवा शू ड्रमला सगळीकडून टेकत नाही. मी ड्रमच्या आत खडू फिरवतो, चाक हाताने फिरवत हलका ब्रेक लावतो आणि शूवर जिथे खडू उमटतो ते उंचवटे कानशीने हलके उतरवतो. चाक बसवताना अ‍ॅक्सलचा नट सैल ठेवून ब्रेक दाबायचा आणि दाबलेला असतानाच नट आवळायचा, म्हणजे शू मधोमध बसतात. जुन्या ड्रममधली धूळ फुंकू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, ओल्या फडक्याने पुसा.

बाकीच्या

टायरची नक्षी बघून खूश होऊ नका. बाजूवरच्या तारखेच्या कोडमध्ये शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, लगेच काढा.

चासी नंबरवर जाड रंग चढवू नका, आणि चढला असेल तर ग्राइंडर अजिबात लावू नका. रंग काढायचं द्रावण आणि मऊ ब्रश पुरतो.

पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यभागी खाच लागली तर कोनसेट गेला. नट आवळून तो बरा होत नाही.

ब्रेकलाइट दोन्ही ब्रेकने लागतो की एकाच, ते गाडीला लागू असलेला नियम बघून ठरवा. पायाचा स्विच मात्र नेहमी स्वच्छ ठेवा.

थंड गाडीवर समाधान मानणे

कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा भाग) आणि इग्निशन कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) गरम झाल्यावर दगा देतात. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल तर गाडी थोडं अंतर व्यवस्थित जाते आणि मग पेट्रोल तुटल्यासारखी बंद पडते. झाकण उघडून परत लावलं की चालते, म्हणून लोक उगाच कार्बोरेटर खोलतात. आधी सीबी पॉइंटचा (इग्निशनचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचा) गॅप बघा. बऱ्याच जुन्या सिंगल सिलिंडर गाड्यांत तो ०.३५ ते ०.४० मिमी असतो, पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच धरा आणि पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. मग दिवा चालू ठेवून गाडी अर्धा-पाऊण तास चालवा, बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि किक मारा. गरम गाडी उठली नाही तर पॉइंटचं कव्हर काढून किक मारत बघा. पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर बदला आणि हीच फेरी पुन्हा मारा. तपासणीची तारीख त्यानंतर घ्या.