वर्गात तर्क शिकवताना: स्वतःचा अंदाज खोडून पाहण्याची सवय

सातवीच्या वर्गात वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर 2, 4, 6 असे तीन आकडे लिहिते. हे आकडे माझ्या मनातील एका नियमात बसतात. तुम्ही आणखी तीन-तीन आकडे सुचवा, मी फक्त ‘बसतात’ किंवा ‘बसत नाहीत’ एवढेच सांगेन, आणि नियम सापडल्याची खात्री झाली की तो वहीत लिहून दाखवा, असे मुलांना सांगते. मुले 8, 10, 12 सुचवतात, बसतात. 20, 22, 24 सुचवतात, तेही बसतात. असे चार-पाच होकार मिळाले की बहुतेक वह्यांत ‘दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या’ हे उत्तर उतरलेले असते, आणि ते चुकीचे असते. कारण माझा नियम एवढाच असतो की प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यापेक्षा मोठा असावा. वर्ग थबकतो. मग कोणीतरी चाचरत विचारते, ‘बाई, 1, 2, 3 चालेल?’ चालते. ‘आणि 6, 4, 2?’ बसत नाहीत. इतका वेळ मिळालेल्या सगळ्या होकारांनी जे सांगितले नव्हते, ते या दोन प्रश्नांनी सांगितलेले असते.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगावरून हा खेळ घेतला आहे, आणि त्या प्रयोगात मोठी माणसेही अशीच अडकली होती. चिकित्सक विचार शिकवायचा म्हणजे मुलांना शंका घ्यायला शिकवायचे असे आपण म्हणतो. पण इतरांच्या बोलण्यावर शंका घेणे मुलांना उपजतच येते. शिकवावे लागते ते दुसरेच: आपल्याला जे पटले आहे ते खोटे ठरायचे असेल तर काय दिसावे लागेल, हे स्वतःला विचारणे आणि ते मुद्दाम शोधायला जाणे. पुढील सर्व कृती या एका सवयीसाठी आहेत, आणि त्यांना आठवड्यातून एक तास पुरतो.

दुसऱ्या आठवड्यात कारण मांडण्याची रीत द्यावी. ती आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, आयती तयार आहे. प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (कारण), उदाहरण (दाखल्यासह सर्वसाधारण नियम), उपनय (तो नियम येथे लागू करणे) आणि निगमन (निष्कर्ष) हे अनुमानाचे पाच अवयव मुलांना अवघड जातील असे वाटते, पण डोंगरावरच्या धुराचे जुने उदाहरण फळ्यावर मांडले की ते सहज समजतात: डोंगरावर आग आहे, कारण तेथे धूर दिसतो, जेथे जेथे धूर असतो तेथे आग असते, जसे चुलीपाशी, या डोंगरावरही तसाच धूर आहे, म्हणून तेथे आग आहे. त्यानंतर मुलांच्या रोजच्या बोलण्यातील एखादे विधान याच साच्यात घालावे. ‘आज शाळेला सुट्टी आहे, कारण फाटक बंद आहे,’ असे मुलगा म्हणतो तेव्हा प्रतिज्ञा आणि हेतू त्याने दिलेला असतो, मधली तिसरी पायरी मात्र गाळलेली असते. ती त्याच्याकडून वहीत लिहून घ्यावी: ‘जेव्हा जेव्हा फाटक बंद असते, तेव्हा तेव्हा सुट्टी असते.’ हे वाक्य स्वतःच्या अक्षरात डोळ्यांसमोर आले की त्याचे त्यालाच खटकते, कारण शिपाईमामांना यायला उशीर झाला तरीही फाटक बंदच असते. बहुतेक चुकीचे तर्क याच गाळलेल्या पायरीत दडलेले असतात. म्हणून पाचही अवयव पाठ करून घेण्यापेक्षा ‘तुझे तिसरे वाक्य कोणते?’ हा एकच प्रश्न वर्षभर विचारत राहणे मला अधिक मोलाचे वाटते.

याच ठिकाणी उलट दिशेचाही प्रश्न विचारावा: धूर असेल तेथे आग असते, तर मग आग असेल तेथे धूर असतोच का? तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, यासाठीच दिला आहे. त्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या शाळेत आणखी एक प्रश्न विचारता येतो: डोंगरावर दिसते तो धूर आहे की धुके, हे आधी कसे ठरवायचे? मुले या प्रश्नावर बराच वेळ बोलतात, आणि निरीक्षण व त्यावरून काढलेले अनुमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना व्याख्येविना कळते.

प्रश्न विचारल्यावर थांबणे हे शिक्षकाचे अर्धे काम आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे तिला आढळले, आणि हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरे लांबतात व एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात हेही दिसले. मी मनात पाच आकडे मोजते. त्या शांततेत शिक्षकालाच अवघडल्यासारखे होते, पण तेवढे सोसावे.

तिसरी कृती पावसाळ्यातच करावी, कारण तिला पावसाचीच नोंद लागते. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ ही म्हण प्रत्येक मूल जाणते. मात्र तिच्यातील तर्क वापरायला ते शिकलेले नसते. पावशा ओरडला की पाऊस येतो, हे घरोघरी ऐकलेले विधान घ्यावे आणि फळ्याच्या कडेला चार खाने आखावेत: पावशा ओरडला आणि पाऊस आला, ओरडला पण आला नाही, ओरडला नाही तरी आला, ओरडला नाही आणि आलाही नाही. रोज परिपाठानंतर एका मुलाने आदल्या दिवसाची खूण योग्य खान्यात करावी. समजा, 20 दिवसांपैकी 12 दिवस पावशा ओरडला आणि त्यांपैकी 9 दिवस पाऊस आला. तर 9 हा आकडा पाहून मुलांना विधान सिद्ध झाल्यासारखे वाटते. तेव्हा त्यांना उरलेल्या 8 दिवसांकडे वळवावे. त्यांपैकी 6 दिवस पाऊस आला असेल, तर पावशा ओरडो वा न ओरडो, दोन्हीकडे चार दिवसांतील तीन दिवस पावसाचेच आहेत, आणि या नोंदीपुरता तरी ओरडण्याचा काही उपयोग झालेला नाही. आपल्या लक्षात राहतो तो पहिलाच खाना. बाकीचे तीन कोणी भरत नाही, म्हणून ते कागदावर भरावे लागतात. एका खान्यात थोडे दिवस जमले तर घाईने निष्कर्ष काढू नये, हेही येथेच सांगावे. वर्गातील नोंद काहीही निघाली तरी ती तशीच ठेवावी. आपल्याला हवे ते उत्तर यावे म्हणून शिक्षकाने एकही खूण हलवू नये.

यानंतरच श्रद्धेला लागून असलेल्या विषयाकडे जावे. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात ही बातमी देशभर पसरली आणि देवळांसमोर रांगा लागल्या, ही घटना मुलांना सांगावी. निकाल मात्र सांगू नये. ‘मूर्ती खरोखर दूध पीत असेल तर काय दिसेल, आणि दूध ओघळत असेल तर काय दिसेल?’ असे दोन रकाने करून गटांना लिहू द्यावे. त्या वेळी केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागातील वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून नेमके हेच पाहिले होते, आणि रंगीत दूध मूर्तीच्या पुढच्या भागावरून खाली उतरताना दिसले होते. वर्गात मूर्ती आणू नये. पोळ्याचा मातीचा बैल आणि ओला केलेला गुळगुळीत दगड घ्यावा, चमच्यात लाल शाई मिसळलेले पाणी काठोकाठ भरावे आणि चमचा किंचित कलता धरून त्याची कड टेकवावी. दगडावरून उतरणारा लाल ओघळ दिसतो. कोरड्या मातीच्या बैलावर मात्र पाणी बरेचसे मुरते, आणि दोन रकान्यांत कोणीही न लिहिलेली तिसरी शक्यता मुलांसमोर उभी राहते. हा क्षण वाया जाऊ देऊ नये. रकाने दोनच का केले होते, हे मुलांनाच विचारावे.

या तासाला एखादी मुलगी म्हणते, ‘माझी आजी त्या रांगेत उभी होती.’ तिच्या आजीला हसण्याची मुभा वर्गात कोणालाही नसावी, हे शिक्षकाने आधीच स्पष्ट करावे. आपण विधान तपासत आहोत, माणूस नव्हे. ज्या मुलाला घरच्यांच्या बाजूने भांडावे लागते ते मूल विचार करणे थांबवते, आणि मग आपला सगळा खटाटोप फुकट जातो.

परीक्षेची तयारी आणि हे शिक्षण यांचा मेळ बसत नाही अशी तक्रार पालक करतात. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीतील प्रश्नच यासाठी वापरता येतात. ‘आंबा, फणस, केळे, बटाटा: गटात न बसणारा शब्द ओळखा’ या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर बटाटा हे आहे, कारण ते फळ नव्हे. ते मिळाल्यावर उरलेल्या तीन शब्दांपैकी प्रत्येकाला वेगळा ठरवणारे कारण शोधायला सांगावे. आंब्यात एकच मोठी कोय असते, फणसाची साल काटेरी असते, केळीला लाकडी खोड नसते. मग प्रश्नकर्त्याला बटाटाच का हवा असेल, यावर चर्चा करावी. त्यातून परीक्षेतील उत्तरही पक्के होते.

गुण देताना उत्तराइतकेच तिसऱ्या वाक्याला आणि प्रतिउदाहरणाला गुण द्यावेत. वहीच्या शेवटच्या पानांवर ‘आधी वाटले’, ‘आता वाटते’ आणि ‘कशामुळे बदलले’ असे तीन रकाने करून घ्यावेत, दर महिन्याला ते वाचावेत आणि तिसरा रकाना रिकामा असेल तर वही परत द्यावी. मत बदलल्याबद्दल कधीही गुण कापू नयेत. हे पान शिक्षकानेही ठेवावे आणि वर्गाला दाखवावे. माझ्या पानावरची पहिली नोंद 2, 4, 6 च्या तासाची आहे: दोनच आकड्यांचा नियम दिला तर खेळ सोपा होईल असे मला वाटले होते, मुलांना तो अधिक अवघड गेला, आणि ‘कशामुळे’ या रकान्यात एका मुलीने दिलेले स्पष्टीकरण मी तिच्याच शब्दांत उतरवून घेतले आहे: ‘बाई, आकडे कमी असले की वाटेल तो नियम बसतो.’