कार्बोरेटरची स्लो व्हॅक्युम गेजने सेट करायची तर स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा

कार्बोरेटरची स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगावर चालत राहतं ती, कानाने सेट करणारे भरपूर लोक आहेत, त्यातल्या काहींचा कान खरंच तयार असतो. पण रिचकडे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त अशा मिक्श्चरकडे, किंचित झुकलेलं इंजिन कानाला छान गोल आवाजाचं वाटतं, कान तिथेच थांबतो, आणि मग गाडी पेट्रोल पिते, प्लग काळे करते. व्हॅक्युम गेज इंजिनाची हवा आत ओढायची ताकद मोजतं, त्याचा काटा तसा फसत नाही. मात्र गेज जोडलं की लगेच स्क्रूड्रायव्हर उचलायचा नाही. मुळात दोष कार्बोरेटरमध्ये आहे का, हे आधी काट्यालाच विचारायचं, कारण मिक्श्चर स्क्रूने फक्त मिक्श्चरच दुरुस्त होतं, बाकी काही नाही.

इंजिन पूर्ण गरम करा, दोन मिनिटं चालवून नाही, चांगली एक चक्कर मारून. चोक पूर्ण उघडलाय ना ते डोळ्यांनी बघा. एअर फिल्टर जागेवरच ठेवा, तो काढून सेट केलं आणि नंतर बसवला तर मिक्श्चर परत बदलतं. प्लग, पॉइंट, टॅपेट, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हे सगळं याच्या आधी उरकून घ्या, टायमिंगला नंतर हात लावलात तर स्लोचं काम पहिल्यापासून करावं लागेल. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये अजिबात नको, एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो त्यामुळे कळतच नाही. हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा आणि बाह्या वर करा, फॅन तिथेच फिरत असतो.

आता नळी कुठे लावायची. बरेच जण इथेच चुकतात. कार्बोरेटरवर व्हॅक्युमचे दोन प्रकारचे निपल असू शकतात, एक थ्रॉटलच्या पाकळीच्या (रेस दिली की उघडणारी हवेच्या वाटेतली चकती) खाली उघडणारा म्हणजे थेट मॅनिफोल्डचा (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणारा पाइप) आणि दुसरा पाकळीच्या जरा वर, बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरकडे जाणारा. आपल्याला मॅनिफोल्डचा हवा. कुठला कोणता ते कळत नसेल तर नळी लावून बघा, स्लोवर काटा शून्याजवळ पडून असेल आणि थोडी रेस दिली की वर चढत असेल तर तुम्ही चुकीच्या निपलवर आहात. मोकळा निपल नसेल तर मॅनिफोल्डमधून येणाऱ्या एखाद्या नळीत टी जॉइंट टाका.

तब्येतीत असलेलं साधं इंजिन स्लोवर 17 ते 22 इंच (पाऱ्याचे, व्हॅक्युम याच मापात मोजतात) दाखवतं आणि काटा जवळपास हलत नाही. हे समुद्रसपाटीचे आकडे आहेत, दर 1000 फूट म्हणजे साधारण 300 मीटर उंचीला एक इंच कमी धरा, म्हणजे 3000 फुटांवर 16 आलं तर घाबरायचं कारण नाही. रेसिंग कॅम टाकलेल्या इंजिनाचं व्हॅक्युम मुळातच कमी असतं, त्याला हा हिशोब लावू नका.

स्क्रूला हात लावायच्या आधी एक मिनिट नुसतं काट्याकडे बघत बसा. काटा स्थिर आहे पण दोनचार इंच खाली आहे, तर टायमिंग मागे आहे किंवा कुठूनतरी फालतू हवा आत जातीये. ठराविक ठेक्यात एकच झटका खाली मारतोय, तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये किंवा एक सिलिंडर मिस करतोय. रेस वाढवली की थरथर वाढते, तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्यात. रेस एका जागी धरून ठेवल्यावर व्हॅक्युम हळूहळू उतरत जातं, तर सायलेन्सर चोक झालाय का बघा. आणि काटा सावकाश वरखाली तरंगत राहतो तेव्हा मात्र मिक्श्चरवर संशय घ्यायचा.

माझ्या एका गाडीचा काटा 13 वर एकदम शांत उभा असायचा. स्क्रू आत घ्या, बाहेर घ्या, अर्धा इंच फरक, बस. दोन रविवार त्यात गेले. शेवटी स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी भरलं आणि कार्बोरेटरच्या बुडाच्या पॅकिंगवरून हळूहळू फवारत गेलो, मागच्या उजव्या बोल्टपाशी पाणी पडलं आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला, काटा टुणकन वर उचलला गेला आणि पाणी आत ओढलं गेल्यावर परत खाली आला. पॅकिंगला तिथे केसाएवढी चीर होती. नवीन पॅकिंग टाकलं, काटा 18 वर. म्हणून सांगतोय, आधी लीक शोधा. कार्ब क्लीनर फवारूनही लीक सापडते पण तो पेट घेतो, गरम एक्झॉस्टशेजारी मी तरी पाणीच वापरतो.

आता स्क्रू. सध्या तो किती आट्यांवर आहे ते आत फिरवत मोजा आणि लिहून ठेवा. आत घेताना हलक्या हाताने, टेकला की थांबायचं, दाबून आवळलात तर सुईच्या टोकावर रिंगण उमटतं आणि मग तो स्क्रू कधीच नीट सेट होत नाही. टेकल्यावर दीड आटा बाहेर घ्या, दोन स्क्रू असतील तर दोन्ही सारखेच. इथून सुरुवात करायची. बहुतेक कारच्या कार्बोरेटरवर हा स्क्रू पेट्रोलमिश्रित हवा सोडतो, बाहेर घेतला की रिच. पण बऱ्याच मोटारसायकलींवर तो नुसत्या हवेचा असतो, तिथे बाहेर घेतला की लीन, म्हणजे पेट्रोल कमी. ओळखायची सोपी रीत म्हणजे स्क्रू स्लाइडच्या (रेस दिली की वर उचलला जाणारा कार्बोरेटरमधला दट्ट्या) एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा. पुढचं सगळं पेट्रोलच्या स्क्रूबद्दल आहे, हवेचा असेल तर दिशा उलटी धरा.

इंजिन चालू करून आरपीएम मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर आणा. मग एक स्क्रू पाव आटा फिरवा आणि थांबा, निदान दहा सेकंद. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, इंजिनाला नवीन मिक्श्चरवर स्थिरावायला वेळ लागतो आणि घाई केली की तुम्ही मागच्या फेऱ्याचं रीडिंग वाचत बसता. काटा वर जातोय तोवर त्याच दिशेने जा, पडायला लागला की मागे या. मग दुसरा स्क्रू तसाच. मिक्श्चर सुधारलं की आरपीएम आपोआप चढतो, तो थ्रॉटल स्टॉपच्या स्क्रूने (पाकळी किती उघडी राहील ते ठरवणारा) परत खाली आणा आणि दोन्ही मिक्श्चर स्क्रू पुन्हा तपासा, पण आता पाव आट्याच्याही निम्मं फिरवत. दोनतीन फेऱ्यांत जमतं.

वर पोचल्यावर लक्षात येईल की काटा एका टोकावर नसतो, थोडं सपाट पठार असतं, स्क्रू बराच फिरवला तरी रीडिंग तेच. या पठाराच्या लीन कडेला थांबायचं. स्क्रू आत घेत जा, काटा जरासा पडतोय असं दिसलं की एक अष्टमांश आटा बाहेर. गाडीने वेग घेताना गचका खाल्ला तर अजून तेवढंच रिच करा.

कधी कधी स्क्रू पूर्ण आत घेतला तरी इंजिन बंद पडत नाही. मग स्क्रू काम करत नाहीये. सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे आरपीएम टिकवायला कोणीतरी थ्रॉटल स्टॉप खूप आवळलेला असतो, पाकळी जास्त उघडते, ट्रान्सफर स्लॉट, म्हणजे पाकळीजवळची पेट्रोलची फट, उघडा पडतो आणि पेट्रोल स्क्रूला वळसा घालून तिथूनच जातं. टायमिंग मागे आहे का तपासा, ते बरोबर झालं की इंजिन कमी उघड्या पाकळीवर चालतं आणि स्क्रूला परत धार येते. हॉली कंपनीसारख्या कार्बोरेटरमध्ये पॉवर व्हॉल्व्हही (व्हॅक्युम पडलं की जादा पेट्रोल सोडणारा) बघा, त्यावर 65 छापलं असेल तर तो 6.5 इंचाला उघडतो, स्लोचं व्हॅक्युम त्याच्या आसपास असेल तर तो स्लोवरच पेट्रोल सोडत बसतो.

ऑटोमॅटिक गाडीत शेवटचं रीडिंग गिअरमध्ये घ्यावं लागतं, तेव्हा ब्रेकवर पाय ठेवून कोणीतरी आत बसलेलं हवं आणि तुम्ही गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही. सिंगल सिलिंडर इंजिनावर काटा वेड्यासारखा नाचतो, नळी थोडी चिमटली किंवा मध्ये फिश टँकचा छोटा व्हॉल्व्ह टाकला की वाचता येतो.

झालं की आटे, आरपीएम आणि काट्याचा आकडा वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी स्लो बिघडली आणि गेज दोन इंच खाली दिसलं तर स्क्रूला न शिवता आधी नळ्या आणि पॅकिंग तपासायला घ्या.