गावाला कार्ड काढलं होतं का?

एमबीबीएसनंतर स्त्रीरोग-प्रसूतीची पीजीची सीट मिळाली की ज्युनिअर मंडळींचा पहिला फोन ठरलेला असतो. "मॅडम, कटिंग मिळतं का?" म्हणजे स्वतःच्या हाताने ऑपरेशन करायला मिळतं का. मिळतं. ठाणे जिल्ह्यातल्या सरकारी किंवा महापालिकेच्या लेबर वॉर्डात तीन वर्षं काढलीत तर सिझर कमी पडणार नाहीत. इमर्जन्सीच्या दिवशी टेबल पुसून होईस्तोवर पुढची बाई दारात असते. ती काळजी सोडा.

मी लिहायला बसलेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मुंब्रा-दिव्याहून लोकलने, भिवंडीहून रिक्षाने आणि शहापूरकडून १०८ ने येणाऱ्या बायकांचं डॉक्टर व्हायला जे शिकावं लागतं, त्याला लॉगबुकात रकाना नाही. मलाही ते कोणी वर्गात शिकवलं नाही.

हाऊसमनशिपचा, म्हणजे पीजीच्या पहिल्या वर्षाचा, सातवा-आठवा महिना, थंडीचे दिवस. रात्री दोनच्या सुमाराला भिवंडीकडच्या एका वीटभट्टीवरून एक आदिवासी बाई आली. तिसरं बाळंतपण, कळा जोरात, सोबत नवरा आणि एक म्हातारी. मी केसपेपरवर सवयीने लिहिलं, 'अनबुक्ड, रिपोर्ट नाहीत', आणि हातमोजे चढवले. पाऊण तासात बाळ झालं, वार पडली आणि गर्भाची पिशवी काही आवळेना, रक्ताची धार लागली. रक्त थांबवायला मसाज, ऑक्सिटोसिन, मिसोप्रोस्टॉल, ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सगळं झालं. शेवटी कॅथेटरला कंडोम बांधून, तो आत सरकवून सलाइनने फुगवला, तेव्हा कुठे धार थांबली. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आला ४.८. रक्ताची पहिली पिशवी लागेपर्यंत माझ्या स्वतःच्या पायांत त्राण नव्हतं.

बाई वाचली. पहाटे माझी सीनिअर, रजिस्ट्रार, बाहेर गेली आणि नवऱ्याला तिने एकच विचारलं, "गावाला कार्ड काढलं होतं का?" त्याने खांद्यावरच्या प्लास्टिकच्या पिशवीतून, रेशनकार्डासोबत गुंडाळलेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढून दिलं. मोखाड्याकडच्या उपकेंद्रात पाचव्या महिन्यात नोंद. हिमोग्लोबिन ६.२. आणि खाली सिस्टरच्या अक्षरात, दोनदा अधोरेखित: मागच्या खेपेला अति रक्तस्राव. ती येताक्षणी रक्त क्रॉसमॅचला, म्हणजे रक्तपेढीतल्या रक्ताशी जुळवायला, पाठवायला एवढं पुरेसं होतं.

"आधी का नाही दिलंत?" मी चिडून विचारलं.

"कोणी मागितलंच नाही."

'अनबुक्ड'चा खरा अर्थ एवढाच की बाईची आपल्या रुग्णालयात नोंद नाही. आपण मात्र तो शब्द 'बेफिकीर' अशा अर्थाने वापरायला लागतो, आणि एकदा तो लिहिला की पुढचे प्रश्न बंद होतात. थॅडियस आणि मेन या दोघींनी १९९४ मध्ये मातामृत्यूमागचे तीन उशीर मांडले: दवाखान्यात जायचं ठरवायला होणारा, पोहोचायला होणारा आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला होणारा. परीक्षेत हे सगळे लिहितात. वॉर्डात आपण पहिले दोन उशीर तिच्या माथी मारून मोकळे होतो. त्या रात्री कार्ड दारापर्यंत वेळेत पोहोचलं होतं. उशीर माझा होता.

भट्टीवरून येणाऱ्या बायकांसाठी एक वेगळं कॅलेंडर डोक्यात ठेवावं लागतं. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबं भिवंडी-कल्याण-शहापूरच्या भट्ट्यांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ते तालुके ठाणे जिल्ह्यातच होते, आता पालघरमध्ये आहेत. बाईची नोंद एका जिल्ह्यात आणि बाळंतपण दुसऱ्यात. मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते, मजुरी हजार विटांमागे आणि तीही जोडीला मिळते. बाई तपासणीला गेली की नवऱ्याचाही हात थांबतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, चांगली असते, पण त्या दिवशी भट्टीला सुट्टी नसते. खर्ची (घरखर्चाचे पैसे) मिळण्याचा आणि बाजाराचा वार विचारा, आणि पुढची तारीख त्या वारी द्या. हे मला एका आशाताईने सांगितलं. आमच्या एकाही लेक्चरमध्ये ते आलं नव्हतं.

विचारायचे प्रश्न तसे थोडेच आहेत, पण शब्द नेमके हवेत. "किती मुलं?" असं विचारलं तर बाई जिवंत असलेली सांगते. "किती झाली?" आणि "आता किती आहेत?" असे दोन वेगळे प्रश्न करा. मधला फरक ऐकून क्षणभर थांबा, लगेच पेन चालवू नका. "मागचं बाळंतपण कुठे झालं?" याला 'दवाखान्यात' हे उत्तर अर्धं असतं. पोटावर टाके आहेत का ते स्वतः बघा. शेवटची पाळी तारखेने कोणी सांगत नाही. "गौरी-गणपतीच्या आधी की नंतर?" विचारलं की आठवतं. मुंब्र्याच्या बायकांना रमझानवरून किंवा बकरी ईदवरून विचारा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, म्हणून लेबर वॉर्डात भिंतीवर कालनिर्णय असायलाच हवं. सोनोग्राफी नसलेल्या बाईचे महिने मी कितीतरी वेळा त्याच्यावरून मोजलेत.

बाकीचेही शब्द शिका. श्वेतप्रदर पुस्तकात असतो, ओपीडीत 'पांढरं जातं' किंवा 'सफेद पानी'. नुसतं 'अंगावरून जातं' म्हणाली तर लाल की पांढरं, ते विचारा. 'अंग बाहेर येतं', म्हणजे गर्भाशय खाली उतरलंय, हे ती शेवटी, उठता उठता, दाराकडे बघत सांगते. तांबी (कॉपर-टी), पिशवी आणि बच्चेदानी (दोन्ही म्हणजे गर्भाशय), पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) हे सगळं कानाला सवयीचं झालं पाहिजे. आणि विचारल्याशिवाय बाई सांगत नाही, हे गृहीत धरा. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायका तपासून १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं: ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. मी हा अभ्यास एमबीबीएसला पाठ केला होता. कळला तो ओपीडीत, पंचेचाळिशीच्या एका बाईने "वीस वर्षं असंच आहे" असं सहज सांगितलं तेव्हा.

आता डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीविषयी. २०२० पासून पीजीच्या अभ्यासक्रमात तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काढणं सक्तीचं आहे. बरेच जण ते सुट्टीसारखे काढतात, थीसिस लिहितात. मीही लॅपटॉप घेऊनच गेले होते. शहापूरच्या बाजूला पहिल्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातून फोन आला: पहिलटकरीण, आठवा महिना, झटके आलेत. मोठ्या रुग्णालयात झटके आले की चार जण धावतात. इथे एक मेडिकल ऑफिसर, एक सिस्टर आणि झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटच्या अँप्यूल्स. फोनवरच ठरलं: दोन्ही कुल्ल्यांत खोल पाच-पाच ग्रॅम, म्हणजे एकेका ग्रॅमच्या दहा अँप्यूल्स फोडायच्या, बाईला कुशीवर वळवायचं, आणि मगच गाडी हलवायची. "आधी पाठवतो, तिकडे देतील," असं तो ऑफिसर म्हणत होता. कसाऱ्याच्या अलीकडून ठाण्यापर्यंतचा रस्ता, त्यात भिवंडी बायपासला गोदामांच्या ट्रकची रांग. "तिकडे" किती वाजता येईल ते कोणी सांगू शकत नाही.

डोस देऊन बाई निघाली. चिठ्ठीवर वेळ आणि मात्रा लिहायला लावली, पुढच्या लेबर वॉर्डाला मी स्वतः फोन केला. या तीन महिन्यांत मी सर्वांत जास्त काय शिकले असेन तर रेफर कसं करायचं. ठाण्यात बसून आम्ही बाहेरून आलेल्या रेफरच्या चिठ्ठ्या वाचायचो आणि हसायचो, "बघा, काय लिहून पाठवलंय." एकदा टॉर्चच्या उजेडात तीच चिठ्ठी लिहायची वेळ आली की हसू येत नाही. पुढे घेणारा 'बेड नाही' म्हणाला तर बाईला परत गाडीत चढवावं लागतं, म्हणून आधी फोन, मग गाडी. झटके, रक्तस्राव आणि आडवं मूल यांत मात्र कोणाच्या होकाराची वाट बघत बसायचं नाही.

त्याच तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत. मुंबई ते पाणी पिते. मार्चनंतर धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर टँकर यायला लागतो. दहा दिवसांच्या बाळंतिणीला डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना मी पाहिलंय. सव्वा महिना विश्रांती घ्या, असं डिस्चार्ज कार्डावर छापील लिहिलेलं असतं. ते वाचून दाखवायची मला लाज वाटायला लागली. मग मी विचारायला लागले, पाणी कोण भरतं? सासू भरत असेल तर सासूलाच आत बोलवायचं आणि तिच्याशी बोलायचं.

रक्ताच्या अंदाजाबद्दल एक सांगते. आपण डोळ्यांनी नेहमी कमी मोजतो. लादीवरचं, मॉपमधलं (रक्त टिपायच्या कापडातलं), बाईच्या लुगड्यात जिरलेलं धरतच नाही. आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी बाईखाली लावून रक्त मोजलं आणि सगळे उपचार एकदम सुरू केले, तर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. औषधं जुनीच होती. तुमच्याकडे ती पिशवी नसेल तर मॉप वजन करा. हसतील, हसू द्या.

ओरडण्याबद्दल लिहिणं टाळणार होते. मी ओरडलेय. अठ्ठावीस तास झालेले, एकीचं डोकं दिसतंय, दुसरी पाय जवळ घेतेय, आणि तोंडातून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती बाई गप्प झाली. टाके घातल्यावर तिला 'शौचाला आल्यासारखं' वाटत होतं, दाब येत होता, तिने कोणाला सांगितलं नाही. तीन तासांनी नाडी वाढली तेव्हा आत साठलेली रक्ताची गाठ सापडली. माझ्या ओरडण्याचा परिणाम मला असा मोजून मिळाला. लेबर रूम सुधारण्यासाठीच्या २०१७ च्या सरकारी लक्ष्य कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबतीला बाई ठेवायला मुभा आहे. जागा नाही म्हणून बहुतेक ठिकाणी टाळतात. दोन खाटांमध्ये पडदा लावून आम्ही ते सुरू केलं. सोबतीला आई किंवा नणंद असली की डॉक्टरच्या आवाजाला आपोआप चाप बसतो.

सहीचं बघा. सज्ञान बाईच्या गर्भपाताला कायद्याने तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. तरी 'नवऱ्याला घेऊन ये' म्हणून किती जणींना परत पाठवतात, आणि परत पाठवलेली बाई कुठे जाते ते तिच्या पुढच्या अॅडमिशनला कळतं. अठराच्या आतली मुलगी हे सर्वांत अवघड प्रकरण. पोक्सोप्रमाणे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याप्रमाणे, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लग्न झालेलं असलं तरी. पण गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. हे तिला पहिल्या पाच मिनिटांत सांगा, नाहीतर पोलीस हा शब्द ऐकून ती मागच्या दाराने निघून जाते. पैशाचंही तसंच. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, रक्त, जेवण, गाडी सगळं २०११ पासून मोफत आहे. ते सांगेपर्यंत नवरा बाहेर कोणाकडून तरी व्याजाने पैसे उचलत असतो.

परीक्षेचं फार लिहीत नाही, ती होते पास. थीसिस मात्र इथल्या प्रश्नावर घ्या. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात प्रबंध लिहिला तो आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्रावर. स्वतःचं दहा दिवसांचं मूल गेलेल्या बाईने एवढ्या लांब जाऊन विषय घरचाच निवडला. तुमच्या गाईडला 'भट्टीवरच्या बायकांतलं रक्ताचं प्रमाण' हा विषय फिका वाटेल. थोडा हट्ट करा.

आता त्या पहिल्या कार्डाचं राहिलं. बाई पाचव्या दिवशी घरी गेली, म्हणजे भट्टीवर. आठवडाभराने मी मोखाड्याच्या त्या उपकेंद्राच्या सिस्टरचा नंबर शोधून फोन केला, लोहाच्या इंजेक्शनांचं पुढे बघा म्हणायला. तिने नाव लगेच ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कार्ड परत दिलंत ना तिला?"

मी केसपेपर काढायला रेकॉर्ड रूममध्ये गेले. कार्ड आतल्या पानाला स्टेपल केलेलं होतं, माझ्याच हाताने. त्या आठवड्यात ती कुठे गेली असती तर तिथल्या हाऊसमनने तिच्या पेपरवर काय लिहिलं असतं ते मला माहीत होतं. रविवारी, बाजाराच्या दिवशी, मी आणि वॉर्डातल्या मावशी भिवंडीची बस पकडून ते देऊन आलो.