बाळंतपणानंतर प्लेटलेट्स कमी निघाल्या? या चुका टाळा

बाळ आठ दिवसांचं होतं तेव्हा माझ्या पायांवर, घोट्यांच्या वर, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले. पुरळ समजून मी दोन दिवस काढले. साध्या पुरळावर बोट दाबलं की लाली क्षणभर जाते. हे ठिपके दाबूनही तसेच लाल राहत होते. रक्त तपासलं, प्लेटलेट्स 18 हजार. नेहमीचा आकडा दीड लाख ते साडेचार लाख. बऱ्याच तपासण्यांनंतर नाव कळलं: आयटीपी, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या प्लेटलेट्सना प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) चिकटवते आणि अशा प्लेटलेट्स मुख्यतः प्लीहेत नष्ट होतात. एरवी आठ-दहा दिवस टिकणारी प्लेटलेट मग फार लवकर संपते.

याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीतून ओळख निघून नव्या आयांचे फोन येत राहतात, आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा ऐकून मी आता थकले आहे. मी डॉक्टर नाही. औषध कुठलं आणि किती हे तुमचे हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञच ठरवणार. पण घरी बसून जे चुकतं, ते मला चांगलं माहीत आहे.

आधी आकडा खरा आहे का, ते बघा

रक्त नेहमी जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. त्यातल्या ईडीटीए या रसायनामुळे काही जणींच्या प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. प्लेटलेट्स भरपूर असतात आणि रिपोर्टवर 30 हजार छापून येतं. म्हणून स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. गुठळ्या दिसल्या तर निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजतात. पाच मिनिटांच्या या चौकशीने एकीचे स्टेरॉइड सुरू होता होता थांबले.

दुसरं, गरोदरपणात प्लेटलेट्स थोड्या उतरणं बरंच आढळतं. त्या बहुतेक वेळा 70 हजारांच्या वरच राहतात आणि बाळंतपणानंतर एक-दोन महिन्यांत आपोआप पूर्ववत होतात. त्याला आयटीपी म्हणत नाहीत. आयटीपीची अशी एकच खात्रीची तपासणी नसते. बाकीची कारणं एकेक वगळत तिथे पोचावं लागतं. त्यामुळे एचआयव्ही, हेपॅटायटिस सी, थायरॉइड अशा तपासण्या सांगितल्या तर रागावू नका, घाबरूही नका.

मात्र बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत प्लेटलेट्स कमी आहेत आणि सोबत रक्तदाब वाढलेला, डोकं ठणकतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय असं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि तडक दवाखान्यात जा. तो हेल्प सिंड्रोम, म्हणजे यकृत आणि प्लेटलेट्स बिघडवणारा बाळंतपणातला गंभीर आजार असू शकतो आणि तो बाळ झाल्यावरही सुरू होऊ शकतो.

आकड्याच्या मागे धावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. रात्री दोनला एक मुलगी फोनवर रडत होती. बाळ तीन आठवड्यांचं. सकाळी एका लॅबमध्ये 41 हजार, धीर होईना म्हणून संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये 34 हजार. "ताई, बारा तासांत सात हजार गेल्या, उद्यापर्यंत काय उरेल?" मी विचारलं, नवीन ठिपके? नाहीत. हिरड्यांतून, नाकातून रक्त? नाही. अंगावरून जाणं वाढलंय? नाही, उलट कमी झालंय. म्हणजे शरीर शांत होतं आणि दोन मशीन वेगवेगळं बोलत होती. इतक्या खालच्या पातळीवर मोजणीत असा फरक पडतोच. ती त्या आठवड्यात पाच वेळा रक्त देऊन आली होती. तिच्या दंडावरचे काळेनिळे डाग आजाराचे कमी आणि सुयांचे जास्त होते.

30 हजारांच्या वर आपोआप मोठा रक्तस्राव होणं विरळा. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: नव्याने निदान झालेल्या प्रौढ व्यक्तीचा आकडा 30 हजार किंवा जास्त असेल आणि रक्तस्राव नसेल किंवा किरकोळ असेल, तर औषधाऐवजी लक्ष ठेवणं बरं. उपचार रक्त वाहू नये म्हणून असतो. दीड लाख छापून यावं म्हणून कुणी औषध घेत नाही, घेऊही नये. "माझ्या कधी नॉर्मल होतील?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारणाऱ्या बायकांना मी सांगते, आधी सुरक्षित कधी होतील ते विचारा. ते उत्तर बऱ्याचदा खूप लवकरचं असतं.

माझी सवय अशी. एकच लॅब, शक्यतो एकच वेळ, आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच तपासणी. मधल्या दिवसांत मी स्वतःला तपासत असे. सकाळी दात घासताना आरशात तोंड उघडून गालांच्या आतली बाजू, जीभ, टाळू. मग नडग्या आणि पावलं. मग पॅड किती बदलले. तीन ओळी वहीत. तोंडात रक्ताचे काळपट फोड आले तर आकडा माहीत नसतानाही फोन करायचा, कारण त्वचेवरच्या ठिपक्यांपेक्षा हे फोड जास्त गंभीर. अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, धूसर दिसणं, काळी शी, लघवीत रक्त, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं: यातलं काहीही झालं तर फोनही नको, थेट निघायचं.

याच चुकीची दुसरी बाजू एका ओळखीच्या बाईने भोगली. तिचा आकडा 70 हजारांवर होता आणि अंगावरून जाणं बाराव्या दिवशी एकदम वाढलं. घरातले सगळे म्हणाले, प्लेटलेट्स कमी आहेत ना, म्हणून. दोन दिवस तसेच गेले. सोनोग्राफीत वारेचा तुकडा आत राहिलेला निघाला. बाळंतपणानंतर गर्भाशयातलं रक्त थांबतं ते मुख्यतः गर्भाशय आकसून, रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन. म्हणूनच प्लेटलेट्स कमी असूनही कित्येक बायकांना बाळंतपणात जास्त रक्त जात नाही, आणि आकडा बरा असूनही कुणाला जातं. प्रत्येक थेंबाचं खापर प्लेटलेट्सवर फोडू नका.

स्टेरॉइड मनाने बंद करणं

हे मी स्वतः केलं आहे, म्हणून सविस्तर सांगते.

प्रेडनिसोलोन, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं स्टेरॉइड, सुरू झालं आणि बाविसाव्या दिवशी माझा आकडा 1 लाख 40 हजार होता. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवत न्यायला सांगितला. पण माझा चेहरा सुजून गोल झाला होता, बाळ झोपलं तरी मला झोप नव्हती, छाती धडधडायची, आणि दुधातून बाळाला काय जात असेल या विचाराने जीव खालीवर व्हायचा. आकडा तर आला होता. एका रात्री मी गोळ्यांची पाकिटं कपाटात मागे सारली आणि कुणाला काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवसापासून अंग मोडून आलं. मळमळ, उभं राहिलं की चक्कर. मी जागरणावर ढकललं. खरं कारण वेगळं होतं: बाहेरून आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं तयार करणं कमी करतात, आणि गोळी एकदम थांबली की शरीराकडे दोन्ही नसतं. नवव्या दिवशी नाकातून आलेलं रक्त वीस मिनिटं दाबूनही थांबेना. गालाच्या आत फोड होते. आकडा 4 हजार.

इम्युनोग्लोब्युलिनची (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची) सलाइनं दोन दिवस चालली. त्याने प्लेटलेट्स एक ते चार दिवसांत चढतात, पण परिणाम साधारण दोन ते चार आठवडेच टिकतो; त्यात फक्त वेळ मिळतो. मग स्टेरॉइड पुन्हा पहिल्यापासून. सहा आठवड्यांचं बाळ दोन रात्री माझ्याशिवाय घरी होतं आणि मी वॉर्डमध्ये दूध काढून बाटलीत भरून पाठवत होते. त्या दोन रात्री एका फोनने वाचल्या असत्या.

कारण मला जे सोसत नव्हतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय होता. पूर्ण डोस सकाळी खाऊन घेतला की झोप थोडी सुधारते. प्रेडनिसोलोन दुधात फार कमी उतरतं आणि नेहमीच्या डोसला अंगावर पाजणं चालू ठेवता येतं. डोस मोठा असेल तर गोळीनंतर काही तासांनी पाजायला सांगतात. हे मी विचारलंच नव्हतं. आता प्रत्येकीला सांगते: डोस कसा उतरवायचा ते डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या, कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, रोज खूण करा. गोळी संपायच्या चार दिवस आधी नवीन आणून ठेवा.

घाईने सोडू नये तसं रेंगाळूही नये. डोस उतरला की आकडा पडतो, म्हणून सहा-सहा महिने तीच गोळी खाणाऱ्या बायका मला भेटतात. स्टेरॉइडचा कोर्स, उतरवण्यासकट, सहा आठवड्यांपेक्षा लांबवू नये अशी आता शिफारस आहे. तेवढ्यात जमलं नाही तर "पुढचं औषध कोणतं?" असं स्वतःहून विचारा. प्लीहा काढायची घाई मात्र नको. पहिल्या वर्षात आजार आपोआप ओसरू शकतो, म्हणून सहसा वर्षभर थांबतात.

बाकीच्या, थोडक्यात

टाके दुखतात, पाठ दुखते म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन घेऊ नका. आहेत त्या प्लेटलेट्सचं कामही या गोळ्या बिघडवतात. पॅरासिटामॉल घ्या, तेही डॉक्टरांना विचारून.

"प्लेटलेट्सची पिशवी चढवा" असा आग्रह धरू नका. चढवलेल्या प्लेटलेट्सही तीच प्रतिपिंडं संपवतात. जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तर चढवतात, आणि ते डॉक्टरांना कळतं.

कुठल्या पाल्याचा रस, कुठला चमत्कारी काढा हे बंद. प्रतिपिंडं तयार होणं यांनी थांबत नाही, आणि आठ दिवस वाट बघण्यात जातात ते जातातच.

पुढे एल्ट्रोम्बोपॅग (प्लेटलेट्स जास्त तयार करायला लावणारी गोळी) सुरू झालं, तर बाळंतपणानंतरच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्याच्यासोबत गिळू नका. दूध-दहीसुद्धा नाही. हे औषध त्यांच्या आधी दोन तास किंवा नंतर चार तासांनी घ्यायचं. नाही तर औषध पोटातच अडकतं आणि डॉक्टरांना वाटतं, लागू पडत नाही. अंगावर पाजत असाल तर ते सुरू होण्याआधीच सांगा. त्या काळात हे औषध सहसा देत नाहीत.

दात काढणं असो किंवा स्नायूत इंजेक्शन, समोरच्याला आधी आजार सांगा. मी पर्समध्ये चिठ्ठी ठेवते: आजाराचं नाव, शेवटचा आकडा, चालू गोळ्या.

रडू येतं, चिडचिड होते, काहीतरी भयंकर घडेल असं वाटत राहतं, तर "बाळंतपणात असं होतंच" म्हणून सोडून देऊ नका. स्टेरॉइडने मन बिघडू शकतं, बाळंतपणानंतरचं नैराश्यही असू शकतं, आणि दोन्हीवर उपचार आहेत. घरच्यांनी हे वाचत असाल तर तिला रोज आकडा विचारू नका. रात्रीचं एक पाजणं तुम्ही सांभाळा, काढून ठेवलेल्या दुधावर, आणि तिला सलग चार तास झोपू द्या.

बाळाला विसरणं

आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, त्यामुळे काही बाळांच्याही प्लेटलेट्स काही काळ कमी असतात. आईच्या आकड्यावरून बाळाचा अंदाज बांधता येत नाही. बाळाचा आकडा जन्मानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सगळ्यात खाली जाऊ शकतो, म्हणून जन्मावेळचा एक चांगला रिपोर्ट पुरेसा धरत नाहीत. तुमचं निदान उशिरा झालं असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना कळवा. माझ्या बाळाची तपासणी मी आठवण केली म्हणून दहाव्या दिवशी झाली. आकडा चांगला होता. पुढच्या वेळी दिवस राहिले तर हीच गोष्ट पहिल्याच तपासणीत सांगायची, आणि प्रसूतीच्या वेळी बाळाच्या नाळेतलं रक्त मोजायला घ्यायचं हे आधीच फाइलवर लिहून घ्यायचं.