दुकानातून रुग्णसाहित्य केंद्र चालवायचं असेल तर

खुब्याचं हाड मोडलं की वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड (पडून राहून अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून पंपाने हवा भरायची गादी) लागतात ते दोन-तीन महिन्यांपुरते. मग त्या वस्तू माळ्यावर जातात आणि शेजारच्या घरी तीच वस्तू नवीन विकत आणली जाते. लहान गावातल्या व्यापाऱ्याला समाजासाठी काही करायचं असेल, तर अशा वस्तू गरजूंना काही दिवस वापरायला देऊन परत घेण्याचं, म्हणजे रुग्णसाहित्य केंद्राचं काम त्याला सोपं जातं. ठरावीक वेळी उघडणारं दुकान, कोरडी जागा, नोंदवही आणि वसुलीची सवय हे सगळं त्याच्याकडे आधीच असतं.

सुरुवातीला चार वॉकर, तीन मापांच्या कुबड्यांची एकेक जोडी, दोन चाकाच्या खुर्च्या, तीन कमोड खुर्च्या आणि दोन एअर बेड पुरतात. फाउलर बेड (डोक्याची बाजू उचलता येणारा दवाखान्यातला पलंग) नंतर घ्या. तो साधारण दोन मीटर लांब असतो आणि पोचवायला गाडी व दोन माणसं लागतात. बेडपॅन, लघवीचं भांडं, ऑक्सिजनची नाकातली नळी या वस्तू परत घ्यायच्याच नाहीत. द्यायच्या असतील तर कायमच्या द्या.

लोक जुनं सामान दान म्हणून आणून टाकतात. सगळं घेऊ नका. तडा गेलेला जोड, गंजलेला पाय, स्पंज उघडा पडलेली गादी दारातच नाकारा. एकदा आत आलेलं भंगार बाहेर काढताना देणाऱ्याचं मन सांभाळत बसावं लागतं.

प्रत्येक वस्तूवर ऑइल पेंटने क्रमांक घाला. कागदी स्टिकर पहिल्याच धुण्यात जातो. नोंदवहीत क्रमांक, नेणाऱ्याचं नाव-पत्ता, दोन फोन नंबर (दुसरा वेगळ्या घरातला), तारीख आणि वस्तूची अवस्था लिहून सही घ्या. रुग्णाचा आजार लिहू नका. दुकानातली वही कुणीही चाळतं. अनामत नव्या वस्तूच्या किमतीच्या पाव भागाइतकी ठेवली तर परत आणावंसं वाटतं आणि डोईजडही होत नाही. ज्याला तेवढंही जमत नाही, त्याला ओळखीच्या माणसाच्या सहीवर द्या. अनामत मात्र गल्ल्यात टाकू नका. ती देणगी नव्हे, देणं आहे. तिच्यातून नवा वॉकर घेतला आणि एकाच आठवड्यात पाच जण परत द्यायला आले, की व्यापाऱ्याचं नाव जातं. केंद्राचं बँक खाते धंद्यापासून वेगळं ठेवा.

खरी चूक होते ती वस्तू हातात देताना. माप न बघता दिलेला वॉकर माणसाला पुन्हा पाडू शकतो. रुग्णाला चप्पल-बूट घालून उभं करा आणि हात सैल सोडायला सांगा. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर जरासा, १५ ते ३० अंश वाकतो. रुग्ण येऊ शकत नसेल तर घरच्यांकडून जमिनीपासून मनगटापर्यंतचं माप मागवा. चारही पायांच्या खिळ्या सारख्याच क्रमांकाच्या भोकात बसल्या आहेत का ते मोजा. तळाचे रबरी बूट उलटे करून पाहा. आतला धातू दिसू लागला असेल तर फरशीवर तो घसरणारच. हे बूट डझनाने आणून ठेवा.

कुबडीचं वरचं टोक काखेच्या दोन-तीन बोटं खाली हवं. भार कुबडीच्या मुठीवर, हाताने घ्यायचा. काखेवर लोंबकळलं तर तिथली नस दबते आणि मनगट लुळं पडू शकतं. हे सांगूनच कुबड्या द्या. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण उलट धरतात.

चाकाच्या खुर्चीत बसल्यावर मांडी आणि बाजूच्या पत्र्यात दोन्हीकडे दोन-दोन बोटं जागा राहावी. नेण्याआधी घराच्या आणि न्हाणीच्या दाराची रुंदी विचारा. मोठ्यांची खुर्ची बाहेरून साधारण ६५ सेंमी भरते, आणि चाक फिरवणाऱ्या हातांना आणखी जागा लागते. ब्रेक लागत नाही म्हणून तक्रार आली तर आधी हवा तपासा. ब्रेक टायरवर दाबला जातो, त्यामुळे हवा कमी झाली की तो पकडत नाही. पुढची लहान चाकं अडखळतात ती आसात गुंतलेल्या केसांमुळे आणि दोऱ्यांमुळे, चिमट्याने काढा.

एअर बेड घरच्या गादीवर अंथरायचा, पंप पायाकडे टांगायचा आणि वर एकच चादर सैल घालायची. गोधड्यांची चळत घातली तर त्याचा उपयोगच संपतो. हवा पुरेशी आहे का, हे पाहायला रुग्णाच्या माकडहाडाखाली, एअर बेडच्या खालून तळहात सरकवा. अंग आणि हात यांच्यात इंचभर हवा जाणवली पाहिजे. 'एअर बेड आहे, आता कूस बदलायला नको' हा समज फार पक्का असतो. तो तिथंच मोडा: दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते.

परत आलेली वस्तू आधी साबणाच्या पाण्याने घासून धुवा. मळावर जंतुनाशक चालत नाही. मग ५ टक्क्यांच्या ब्लीचचं २० मिली एक लिटर पाण्यात घालून पुसा, १० मिनिटं ओलं राहू द्या आणि साध्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर स्टील गंजतं. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. गादीच्या शिवणी उलटून ढेकूण पाहा. हे सगळं होईपर्यंत वस्तू 'धुवायच्या' कोपऱ्यातच राहील. गर्दीच्या दिवशी नोकर ती तशीच उचलून देतो, म्हणून 'धुवायच्या' आणि द्यायला तयार वस्तूंच्या कोपऱ्यांमध्ये फळी किंवा पडदा लावा.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेचं यंत्र) पहिल्या वर्षी घेऊ नका. पुढे घेतलात तरी मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन द्यायचा तो आकडा लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका, आणि काटा स्वतःहून वाढवायचा नाही हे बजावा. फुप्फुसाच्या काही जुन्या आजारांत जादा ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. यंत्र भिंतीपासून फूटभर दूर हवं. जाळीची बाहेरची गाळणी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवायची, ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीतलं पाणी रोज बदलायचं, आसपास विडी, दिवा, शेगडी नको. वीज गेली तर काय, याचं उत्तर कुटुंबाकडे नसेल तर सिलिंडरची सोय होईपर्यंत थांबा. पडून राहिलेलं यंत्र ओलाव्याने बिघडतं. महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा.

मुदत एक महिना ठेवा, फोनवर वाढवून द्या. संपण्याच्या तीन दिवस आधी फोन जावा आणि पहिला प्रश्न तब्येतीचा असावा. रुग्ण गेल्याचं कळलं तर दोन आठवडे वस्तूचा विषय काढू नका. दुसरी किल्ली विश्वासू माणसाकडे द्या, कारण कमोड खुर्ची मागायला लोक दुकान बंद झाल्यावरच येतात. खुर्चीच्या पाठीवर देणगीदाराचं नाव ठळक रंगवायचा आग्रह झाला तर ते केंद्राच्या भिंतीवर लावा. रुग्णाने गावभर कुणाची पाटी घेऊन फिरायचं काही कारण नाही.

वाकलेला ॲल्युमिनियमचा पाय ठोकून सरळ करू नका. वाकल्या जागी तो कमजोर झालेला असतो आणि भार पडला की तिथंच मोडतो. असा वॉकर भंगारात देण्याआधी करवतीने कापून दोन तुकडे करा. अखंड गेला तर महिन्याभरात कुणीतरी रंग मारून तोच तुम्हाला दान करायला आणतो.