चालकविरहित गाड्यांमध्ये सेन्सरच्या माहितीची देवाणघेवाण कशी उभारावी

थांबलेल्या बसच्या आडून रस्ता ओलांडणारा पादचारी मागच्या गाडीच्या लायडारला, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणाऱ्या सेन्सरला, दिसत नाही, समोरून येणाऱ्या गाडीला मात्र स्पष्ट दिसतो. ही माहिती मागच्या गाडीला वेळेत मिळावी, यासाठी देवाणघेवाण करायची असते. तिची मांडणी आधी कार्ला या मुक्त सिम्युलेटरमध्ये दोन गाड्या घेऊन करावी.

६४ किरणांचा लायडार सेकंदाला दहा लाखांहून अधिक बिंदू टिपतो. वाहनसंवादासाठीच्या ५.९ गिगाहर्ट्झ पट्ट्यात अनेक गाड्यांचा एवढा कच्चा डेटा मावत नाही, म्हणून ओळखलेल्या वस्तूंची यादीच पाठवावी आणि प्रत्येक वस्तूचा प्रकार, स्थान, वेग व त्यांतील अनिश्चितता नोंदवावी.

सर्वाधिक कस लागतो तो वेळेच्या नोंदीत. संदेश पाठवल्याची नव्हे, तर सेन्सरने मोजमाप घेतल्याची वेळ त्यावर टाकावी आणि दोन्ही गाड्यांची घड्याळे उपग्रहाच्या वेळेशी जुळवावीत. ताशी ६० किलोमीटर वेगाची दुचाकी १०० मिलिसेकंदांत सुमारे १.७ मीटर पुढे जाते. त्यामुळे संदेश मिळताच काल्मन फिल्टरने (आधीच्या मोजमापांवरून व वेगावरून स्थानाचा अंदाज बांधणाऱ्या गणिती पद्धतीने) तिचे स्थान चालू क्षणापर्यंत आणावे आणि तसे करताना अनिश्चितताही वाढवावी, नाहीतर दुचाकी जिथे नाही तिथे ती असल्याची गाडीला खात्री वाटते. पाठवणाऱ्या गाडीची दिशा एका अंशाने चुकली, तर ५० मीटरवरचा पादचारी जवळपास ०.९ मीटर बाजूला सरकतो, म्हणजे फुटपाथच्या कडेला उभा असलेला माणूस थेट रस्त्यात दिसू शकतो.

दुसऱ्या गाडीकडून ऐकलेली वस्तू स्वतः पाहिल्यासारखी पुढे पाठवू नये. तसे केल्यास पहिल्या गाडीला तिचेच निरीक्षण दुसऱ्याच्या साक्षीसारखे परत मिळते आणि पुरावा न वाढता विश्वास वाढतो. यादीत वस्तू नाही, म्हणून तिथला रस्ता मोकळा आहे, असेही मानू नये. आपल्या सेन्सरची नजर कोणत्या भागापर्यंत पोहोचली, हे पाठवणाऱ्या गाडीने कळवलेच पाहिजे.

संदेशाची डिजिटल स्वाक्षरी तपासावीच. मात्र बिघडलेल्या सेन्सरचा संदेशही नीट स्वाक्षरीनिशी येतो, म्हणून जो भाग दोन्ही गाड्यांना दिसतो, तिथे पडताळणी करावी.

यानंतर सिम्युलेटरमध्ये काही संदेश मुद्दाम गाळावेत, काही उशिरा द्यावेत आणि अखेरीस सगळेच बंद करावेत. तेव्हाही गाडीने दिसणाऱ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवला, तरच पुढची चाचणी बंदिस्त मैदानावर घ्यावी.