पार्किंगवाल्यानं जास्तीचे पैसे घेतले, तर परत कसे मागायचे

मागच्या उन्हाळ्यात नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीवर) एका खाजगी पार्किंगमधून स्कूटी काढताना टोकन सापडेना. खिसे झाले, डिक्की झाली, पिशवीतली संत्रीसुद्धा उपसून झाली. गेटवरचा पोरगा शांतपणे म्हणाला, "टोकन नाही त दोनशे लागन, भाऊ."

"कुठं लिहिलं आहे?"

"लिहाले कायले लागते? नियम आहे."

पाऊण तास हुज्जत घातली. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले आणि शेवटी दोनशे रुपये रोख देऊन मी निघालो. पावती घेतली नाही. घरी येऊन तक्रार लिहायला बसलो, तर हातात काहीच नव्हतं. पार्किंगवाल्यानं मला ओळखत नाही म्हटलं असतं, तर विषय तिथंच संपला असता. आणि तो संपलाच.

म्हणून सुरुवात गेटपासूनच करू.

गेटवर काय करायचं

पैसे भरा. बॅरिअर ढकलू नका आणि गाडी तिथंच टाकून येऊ नका, नाहीतर मीटर चालूच राहतो. पण रोख न देता यूपीआयनं द्या आणि खाली नोंद लिहायची जागा असते तिथं टाका: "विरोध नोंदवून भरले". पाठवण्याआधी स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं, ते नीट पाहा. ठेकेदाराच्या फर्मऐवजी एखाद्या माणसाचं नाव आलं, तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या. हा तुमचा सगळ्यात मजबूत पुरावा ठरू शकतो.

मग पावती मागा. मागूनही बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. "मशीन बंद आहे" म्हणाले, तर साध्या कागदावर रक्कम, वेळ, गाडीचा नंबर लिहून सही मागा. देणार नाहीत बहुतेक, पण मागितल्याचं सोबतच्या माणसाला ऐकू द्या.

दरफलकाचा फोटो घ्या. जवळून एक, म्हणजे आकडे वाचता येतील, आणि लांबून एक, म्हणजे तो कुठल्या गेटवर आहे ते कळेल. फलकच नसेल, तर ज्या भिंतीवर तो असायला हवा होता त्या भिंतीचा फोटो घ्या. पावतीवर जीएसटी लावला असेल (पार्किंगवर तो १८ टक्के आहे), तर जीएसटी क्रमांकही छापलेला हवा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही तपासता येतो.

किल्ली काढून घेतली, चाकाला साखळी लावली किंवा अंगावर आले, तर वाद थांबवा आणि ११२ लावा.

"दंड" हा शब्द कोणाचा

खाजगी पार्किंगवाला दंड करू शकत नाही. मोटार वाहन कायद्याखालचं चलान सरकारी यंत्रणा करते. गेटवरच्या माणसाच्या अंगात खाकी रंगाचा शर्ट असला म्हणून तो पोलीस होत नाही. तो मागतो ती कराराची रक्कम असते: तुम्ही फलक वाचला, गाडी आत घातली, म्हणजे तो दर मान्य केला. फलकावर नसलेला दर तुम्ही मान्य कसा केला असेल?

टोकन हरवल्याची रक्कम फलकावर असली, तरी ती वाटेल तेवढी असू शकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात आकडा लिहिलेला असला, तरी वाजवी भरपाईच मिळते आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा असते. वीस रुपयांच्या पार्किंगला, गाडीची आरसी दाखवल्यावरही, दोनशे रुपयांचं नुकसान कसं झालं, हा प्रश्न पत्रात सरळ विचारा.

एक सावधगिरी. "मॉलमध्ये पार्किंग फुकट, कोर्टाचा आदेश" असा मेसेज दर दोन महिन्यांनी फिरतो. गुजरात उच्च न्यायालयाचा तसा निकाल २०१९ चा आहे, पण तो तिथल्या कायद्याच्या आधारावर दिलेला आहे. तो मोबाइलवर दाखवून नागपुरात गेट उघडत नाही. आपण दरावर आणि पावतीवर बोलावं.

जागा कोणाची?

इथं थोडा वेळ घालवा, कारण बहुतेक जण ठेकेदाराशीच भांडत बसतात. ठेकेदाराला भीती असते ती जागेच्या मालकाची.

रेल्वे स्टेशनवरचं पार्किंग, मग ते मुख्य दरवाज्याचं असो की संत्रा मार्केटच्या बाजूचं, रेल्वेच्या जागेवर असतं. तिथली तक्रार १३९ वर किंवा रेल मदद ॲपवर करता येते. महानगरपालिकेच्या जागेवरचं 'पे अँड पार्क' असेल, तर त्या भागाच्या झोन कार्यालयात अर्ज द्या. शहरात असे दहा झोन आहेत. धरमपेठचा अर्ज गांधीबागला नेला, तर एक चक्कर फुकट जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. मॉल, दवाखाना किंवा मंगल कार्यालय असेल, तर पत्र त्यांच्या व्यवस्थापनाला आणि प्रत ठेकेदाराला.

जागा सरकारी असेल, तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ कामी येतो. दहा रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. फक्त तीनच गोष्टी मागा: ठेक्याच्या कराराची प्रत, मंजूर दरपत्रक आणि जास्त वसुली केल्यास ठेकेदारावर काय कारवाई होते ते कलम. मंजूर दर वीस आणि फलकावर तीस, असं निघालं तर पुढचं काम सोपं होतं.

पत्र

लांबलचक संताप नको. मी दुसऱ्यांदा फसलो तेव्हा, एका खाजगी प्लॉटवरच्या पार्किंगला, लिहिलं ते एवढंच होतं:

"दि. १४ रोजी दुपारी ४.१० ते ६.०५ माझी चारचाकी आपल्या पार्किंगमध्ये होती. फलकाप्रमाणे पहिल्या दोन तासांचे २० रुपये होतात. माझ्याकडून ६० घेतले. फलकाचा फोटो, पावती व यूपीआय व्यवहार क्रमांक सोबत जोडला आहे. जास्तीचे ४० रुपये १५ दिवसांत परत करावेत व ६० रुपये कोणत्या दराने घेतले ते लेखी कळवावे. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

ईमेलनं पाठवा आणि पोस्टानंही. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टच सांगा. पावती जपून ठेवा आणि पत्र पोहोचल्याची नोंद ऑनलाइन पाहून तिची छापील प्रत काढा.

फास्टॅगनं दोनदा पैसे कापले गेले असतील, तर वाट वेगळी आहे. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे तक्रार टाका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं.

उत्तर आलं नाही तर

आधी १९१५, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, आणि ८८००००१९१५ वर व्हॉट्सॲपही चालतं. हे कोर्ट नव्हे. ते समोरच्याला तक्रार पाठवतात आणि उत्तर मागतात. मॉलसारखा मोठा पक्ष असेल, तर बऱ्याचदा इथंच मिटतं. फाटक्या टोकनावर चालणारा ठेकेदार मात्र फोनला फारसा घाबरत नाही.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. नागपूरचा सिव्हिल लाइन्समधल्या प्रशासकीय इमारतीत आहे, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील लागत नाही. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र लागतं. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे पुण्याला गेलेल्या नागपूरकरानं तिथल्या पार्किंगचं भांडण नागपुरात आणावं. जास्तीची रक्कम, त्रासाची भरपाई आणि खर्च, तिन्ही मागा. न मागितलेलं सहसा मिळत नाही.

चाळीस रुपयांसाठी तारखा घ्यायच्या का, हे तुम्ही ठरवा. मी पत्रापर्यंत जातो, हेल्पलाइनपर्यंत जातो. आयोगात जायचं तर रक्कम मोठी हवी किंवा रोजच तिथं गाडी लावावी लागणारी चार माणसं सोबत हवीत.

माझ्या त्या पत्राला लेखी उत्तर आलंच नाही. अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला, यूपीआयवर ४० रुपये जमा. पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं तर फर्मचं नव्हतं, गेटवरच्या त्याच माणसाचं होतं, ज्याच्या खात्यात माझे ६० गेले होते.